मायाक्का टॉवेल झटकते

मायाक्का वाघमोडेच्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र पडलं आणि त्या दिवसापासून आसपासच्या माणसांना सुख म्हणून लागलं नाही. निळी फीत, डोळे वटारलेला फोटो, खाली छापलेलं 'तज्ज्ञ परीक्षक (स्पर्श)'. बाई मंडईत कोथिंबीर घ्यायला जाताना ते घालायची, गिरणीत ज्वारी दळायला जातानाही घालायची, शेजारच्या बारशाला तर पदराच्या वरून घालून गेली. सिटीबसमध्ये कंडक्टरनं तिकीट म्हटलं की कार्ड पुढं करायची. ते चालायचं नाही, तिकीट काढावंच लागायचं, पण तेवढ्यात सगळ्या बसला कळलेलं असायचं.

मी हारून शेख. त्याच विद्यापीठाच्या एका केंद्रात टेस्टिंग रूमचा अटेंडंट, बावीस वर्षं झाली. माझंही असलंच कार्ड आहे, कुठल्या खणात पडलंय देव जाणे. मायाक्काला आत आणलं मी आणि पुढं जो घोळ झाला तोही माझ्याच हातून झाला. मुद्दाम नाही केला. पण केला.

आमचं केंद्र मटेरियल सायन्सचं. कापड, काच, प्लॅस्टिक, सिमेंट, हाताला लागेल ती वस्तू का ताणते, का झिजते, का तुटते ते बघायचं. पाटीवर 'आंतरविद्याशाखीय' असं लिहिलंय. म्हणजे फिजिक्सवाले, केमिस्ट्रीवाले, टेक्स्टाइलवाले आणि कॉम्प्युटरवाले एका छताखाली बसून एकमेकांवर रुसतात. फिजिक्सनं केमिस्ट्रीचा चिमटा नेला तर आठवडाभर बोलणं बंद. या सगळ्यांच्या मधून नमुने, निरोप आणि चहा नेणारा माणूस एकच. संचालक बिराजदार सर म्हणजे देवमाणूस, डोक्यावर औषधाला केस नाही. रागावायचं झालं तर 'हारून, जरा बघ की' एवढंच म्हणतात. मग रागावायचं खातंही माझ्याकडं.

तर या केंद्रात माढ्याची संस्कृती गुंड पीएचडी करत होती. पोरगी हुशार, पण जेवायची शुद्ध नाही. तिनं एक यंत्र बनवलं होतं. रबराचं एक बोट, त्यावर माणसाच्या बोटावर असतात तशा बारीक रेघा, आत सेन्सर. हे बोट टॉवेलवरून फिरवलं की पडद्यावर शून्य ते दहा आकडा येतो, टॉवेल किती मऊ आहे त्याचा. यंत्राचं इंग्रजी नाव एका दमात म्हणता येत नाही. मी त्याला बोटराव म्हणायचो.

आता बोटरावाला मऊ म्हणजे काय हे शिकवायला माणूस पाहिजे. आधी प्राध्यापकांनाच बसवलं. चार प्राध्यापकांनी एकाच टॉवेलला चार आकडे दिले आणि भांडले. संस्कृती रडकुंडीला आली, तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, सोलापुरात राहून टॉवेल ओळखणारं माणूस मिळंना होय? थांबा, आणतो."

माझी अम्मी कमरबी आणि मायाक्का एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एका टेबलावर होत्या. अम्मी घडीला, मायाक्का चेकिंगला. एकतीस वर्षं. मायाक्कानं हात लावून बाजूला टाकलेला टॉवेल मालकसुद्धा परत गठ्ठ्यात घालायचा नाही. मग चेकिंगला कॅमेरा आला आणि मायाक्का घरी आली. तेव्हापासून बाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या लुंगीपासून साडीपर्यंत सगळं चेक करायची आणि वर ऐकवायची. मी विचारायला गेलो तर म्हणाली, "मशिनीला शिकवायचं? एका मशिनीनं घालवलं मला, आता दुसरीला मी शानी करू? बरं करालायस की रं हारून्या!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी केंद्राच्या पायरीवर हजर.

टेक्स्टाइलच्या सरांनी वीस टॉवेल तयार केले होते. धागा तोच, वीण तीच, फक्त मऊ करायचं रसायन कमीजास्त. कुठल्या नंबरात किती, ते त्यांनाच माहीत. मायाक्काच्या डोळ्याला पट्टी. बाईनं पहिला टॉवेल उचलला, दोन्ही टोकांनी धरला आणि फाडकन झटकला. संस्कृती दचकली.

"मायाक्का, झटकू नका, फक्त बोटानं बघा."

"झटकल्याबिगर?" मायाक्का पट्टीआडून म्हणाली. "एकतीस वरसं झटकला मी. न झटकता टावेल बघायचा म्हंजी तोंड न धुता च्या प्यायचा. जमायचं न्हाय. दुसरी बाई बघा."

दुसरी बाई कुठली बघणार! झटकायला परवानगी मिळाली. संस्कृतीनं वहीत लिहूनही ठेवलं, 'परीक्षकाची व्यावसायिक सवय.' एक झटका, मग बोटं फिरवायची, मग मान हलवायची, मग टॉवेल आपल्या जागी. वीसच्या वीस रांगेत लावून झाले. टेक्स्टाइलच्या सरांनी कागद काढून ताडून पाहिलं आणि खुर्चीत बसले. एकोणीस बरोबर.

मग काय, मायाक्काची चलती सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस येणार, चहा दोनदा घेणार, आणि सगळ्यांची हजेरी घेणार. फिजिक्सच्या सरांच्या शर्टाला हात लावून म्हणाली, "सुती म्हनून घेतलासा? फसवलं तुमाला." केमिस्ट्रीच्या मॅडमची ओढणी कुठल्या दुकानातली हे सांगितलं. सहा महिन्यांत बोटराव तिच्याकडून शिकून असा तयार झाला, की दोघांचे आकडे जुळायला लागले. चार विभाग एका टेबलाशी बसून आकडे बघायला लागले, आपसात बोलायलासुद्धा लागले. बिराजदार सरांनी खूश होऊन तिला कार्ड करून दिलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

विज्ञान दिनाला केंद्र लोकांसाठी उघडं ठेवायचं ठरलं. बार्शी-मोहोळच्या शाळांची पोरं येणार होती. त्याच दिवशी बाहेरगावच्या तीन तज्ज्ञांची समिती संस्कृतीचं काम बघणार होती. ते पसंत पडलं तर प्रबंध दाखल, नाहीतर संपलं, कारण तिची फेलोशिप मार्चअखेर बंद होणार होती. सरांनी खेळ काढला, 'मायाक्का विरुद्ध यंत्र'. नवे वीस टॉवेल. उत्तराचा कागद टेक्स्टाइलच्या सरांनी पाकिटात घालून लाखेनं बंद केला. ते सगळ्यांसमोर त्या दिवशीच फोडायचं. मायाक्कानं मोहोळला लेकीला, रेश्माला, निरोप धाडला, आपल्या गल्लीला सांगितलं, माझ्या अम्मीला तर रोज सांगायची.

आणि इथं मी घोळ घातला. टॉवेल माझ्या ताब्यात होते. केंद्राच्या कपाटात झुरळं किती आहेत ते मोजायला वेगळी पीएचडी लागेल. पाहुण्यांसमोर टॉवेलातून झुरळ निघालं तर तोंड कुणाचं काळं होणार? माझंच की. म्हणून मी ते केलं जे सोलापुरात कुठल्याही घरात चादरी ठेवताना करतात. प्रत्येक घडीत दोन-दोन डांबरगोळ्या टाकल्या आणि कपाट गच्च बंद केलं. माझ्यावर मीच खूश होतो.

आठ दिवस आधी रंगीत तालीम होती. मायाक्कानं पट्टी बांधली, पहिला टॉवेल उचलला, फाडकन झटकला. आणि थांबली. दुसरा झटकला. तिसरा. मग पहिला परत घेऊन झटकला. मला वाटलं, म्हातारी रंगात आलीय. शेवटी तिनं वीस टॉवेल रांगेत लावले. बोटरावाची रांग वेगळी आली. थोडीथोडकी नाही, साफ वेगळी. सहाच टॉवेल जुळले.

संस्कृतीनं मायाक्काकडं बघितलं. "मायाक्का, तुम्हाला खात्री आहे?"

मायाक्कानं पट्टी काढली, कार्ड सरळ केलं. "माजं काय इच्यारतीस? त्या तुज्या रबराला इच्यार की. तापलंय त्ये."

एवढंच म्हणाली, आणि पोरीनं ते खरं धरलं. का नाही धरणार? मायाक्का सहा महिन्यांत फारशी चुकली नव्हती आणि पाकीट फोडायला परवानगी नव्हती. त्याच दिवशी संस्कृतीनं बोटरावाचं रबर काढलं. दुसऱ्या दिवशी सेन्सर काढले. नवं रबर ओतलं, ते बिघडलं. कॉम्प्युटरवाले म्हणाले फिजिक्सची चूक, फिजिक्सवाले म्हणाले रबर केमिस्ट्रीचं, आणि चिमट्याचं भांडण पुन्हा निघालं. पाच दिवसांत पोरीचं तोंड उतरलं. आणलेला डबा उघडायची नाही, संध्याकाळी मी तो तसाच तिच्या हातात द्यायचो.

मायाक्का रोज यायची. खुर्चीत बसायची, पण टोमणा नाही की टवाळी नाही. दोनदा समोर चहा ठेवला, दोनदा निवला. एकदा मला जिन्यात गाठून दंड धरला.

"कपाटात काय टाकलायस रं?"

"डांबरगोळ्या. का?"

"आगाऊ! कुनी सांगितलं हुतं तुला?" ती इतकी ओरडली की वरचे शिपाई वाकून बघायला लागले. "काढ त्या, आत्ताच्या आत्ता काढ!"

मी काढल्या. टॉवेल गच्चीत दोरीवर टाकले, दिवसभर वाळवले. मायाक्का दर तासाला वर येऊन एकेक झटकायची आणि कपाळाला हात लावायची. धुवायला जावं तर मऊपणाचं औषधच निघून जाईल. मला काही उमजेना. वासाचा आणि हिच्या बोटांचा काय संबंध, असं म्हणायचो मी. बावीस वर्षं लॅबमध्ये राहून इतकी अक्कल!

विज्ञान दिनाला दोन दिवस राहिले. दुपारी मी टेस्टिंग रूममध्ये गेलो तर बोटराव टेबलावर तुकड्या-तुकड्यांनी पडलेला. संस्कृती एक कागद लिहीत होती. सरांना उद्देशून. यंत्र विश्वासार्ह नाही, समितीची भेट रद्द करावी, मी काम मागे घेते. मायाक्का समोरच्या खुर्चीत बसलेली.

"काय लिवलंस?" तिनं विचारलं.

संस्कृतीनं वाचून दाखवलं. आवाज सपाट होता. रडायचंसुद्धा संपलं होतं तिचं.

मायाक्कानं गळ्यातलं कार्ड काढलं. फीत केसांत अडकली, ती ओढून सोडवली आणि कार्ड त्या कागदावर ठेवलं.

"त्ये फाड," ती म्हणाली. "तुजी मशीन नीट हाय. मीच खोटी. मी बोटानं न्हाय वळखत पोरी. वासानं वळखते. झटकला की नाकात वास येतो. औशीद लई असलं की साबनाच्या वडीवानी येतो, कमी असलं की कोऱ्या सुताचा. जेवडा वास तेवडा मऊ. ह्या गाढवानं गोळ्या टाकल्या आन् माजं दुकान बंद पडलं."

गाढव म्हणजे मी.

संस्कृती उठून उभी राहिली. "सहा महिने?" ती म्हणाली. "सहा महिने तुम्ही मला... आणि हे पाच दिवस? मी तोडत होते, तुम्ही बघत होता?"

"व्हय. बघत हुते."

"पण का? तुम्हाला बोटानं येतंय की! एकतीस वर्षं केलंत तुम्ही. बोटानंच सांगायचं होतं!"

मायाक्कानं दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. "त्येच्या आदी पंधरा वरसं मी वल्या मालावर हुते. बिलीचिंगचा माल, कॉस्टिकचं पानी, हात कायम त्येच्यात. मग चेकिंगला घेतलं, तवापातुर बोटांचं शेंडं मेलं हुतं. सांगितलं असतं तर काडलं असतं. मग बाजूला बसनाऱ्या बायांचं बघून बघून मी वासावर बसवलं. कुनाला कळलं न्हाय. हेच्या आईलाबी न्हाय."

संस्कृतीचा विश्वास बसला नाही. वैज्ञानिकच ती. कपाटातून तिनं सगळ्यांत मऊ टॉवेल काढला, आणि नमुने बांधून आले होते ते गोणपाट घेतलं. मायाक्काचे डोळे बांधले, आपल्या हातानं तिचं नाक दाबून धरलं आणि मला म्हणाली, "हारूनमामा, एकेका हाताच्या बोटांखाली एकेक धरा." मी धरलं. मायाक्कानं बोटं फिरवली. लई वेळ फिरवली.

"उजवं मऊ हाय," ती दाबलेल्या नाकानं म्हणाली.

उजव्या हाताखाली गोणपाट होतं.

संस्कृतीनं नाक सोडलं. मायाक्कानं पट्टी काढून खाली बघितलं आणि हसायला गेली, पण जमलं नाही तिला. "बग की," ती म्हणाली. "रेश्माला पोरगं झालं, दोन म्हैनं झालं. सगळी गालाला हात लावत्यात, म्हनत्यात काय मऊ हाय, काय मऊ हाय. मी बी लावते. मी बी म्हनते, व्हय बाय, लई मऊ."

मला वाटलं आता संस्कृती तिला जवळ घेईल. कसलं काय! पोरीनं तोंड फिरवलं, कागद फाडला आणि खाली बसून स्क्रू गोळा करायला लागली. मायाक्काशी एक शब्द बोलली नाही. दोन दिवस नाही बोलली. पोरीचाही काय दोष? पाच दिवस आपल्या हातानं आपलं काम तोडणं सोपं नसतं.

विज्ञान दिनाला हॉल गच्च भरला. तीनशे पोरं, समितीचे तिघे पुढं, दुसऱ्या ओळीत मायाक्काची लेक रेश्मा मांडीवर बाळ घेऊन, शेजारी माझी अम्मी, मागं निम्मी गल्ली. बोटराव पुन्हा जोडून टेबलावर. जुनंच रबर, जुनेच सेन्सर. बिराजदार सरांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्यांनी डोकं चोळलं आणि म्हणाले, "मायाक्का, तुम्ही न आलात तरी चालेल. मी खेळ रद्द करतो." ती म्हणाली, "गल्लीला सांगितलंय मी. येनार."

ती आली. गळ्यात कार्ड नव्हतं. टॉवेल उचलला, पोरांकडं तोंड करून असा झटकला की पहिली ओळ मागं सरकली.

"पोरांनू," ती म्हणाली, "ह्यो खेळ मी आठ दिसांमागंच हरलेय. वीसातलं साच मशिनीशी जुळलं. कशी हरले सांगते. मला बोटानं काय कळत न्हाय. मी नाकानं वळखते, आन् टावेलाला डांबरगोळीचा वास लागला." मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "त्ये तितं उभारलंय बगा, गोळ्या टाकनारं!"

तीनशे पोरं माझ्याकडं बघून हसली. रेश्मा मात्र आईच्या बोटांकडं बघत होती. अम्मीनं तोंडावर पदर घेतला.

संस्कृतीनं बोटराव फिरवला, वीस आकडे घेतले, रांग लावली. टेक्स्टाइलच्या सरांनी लाख फोडली. वीसपैकी एकोणीस. टाळ्या पडल्या, पण समितीतल्या चष्मेवाल्या बाई थांबेनात. "एक मिनिट. हे यंत्र या बाईंच्या उत्तरांवर शिकलंय ना? आणि यांची उत्तरं नाकाची! मग यंत्र मऊपणा ओळखतंय हे कशावरून?"

संस्कृतीनं तोंड उघडायच्या आत मायाक्का म्हणाली, "बाई, मला नाक हाय, त्येला न्हाय. वास बिगडला तवा मी फसले, त्ये फसलं न्हाय. त्येच टावेल, त्याच गोळ्या. अजून काय पायजे?"

बाईंनी चष्मा काढला. शेजारच्या दोघांकडं बघितलं. मग हसल्या आणि वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. बिराजदार सरांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, तेव्हा मला कळलं की पोरीचं काम झालं.

मग पोरांनी धुडगूस घातला. हे मोजा, ते मोजा. दप्तर मोजलं, वेणी मोजली, एक धीट पोरगी म्हणाली, "सरांचं टक्कल!" सर बिचारे वाकून उभे राहिले. दोन पूर्णांक एक. हॉल हसून बेजार झाला.

त्या गडबडीत मायाक्का पिशवी उचलून दाराकडं निघाली होती. संस्कृतीनं ते बघितलं. ती दुसऱ्या ओळीत गेली, रेश्माला काहीतरी विचारलं आणि बाळाला खांद्यावर घेऊन टेबलाशी आली.

"मायाक्का," ती म्हणाली. दोन दिवसांतला पहिला शब्द. "इकडं या. पडद्याकडं बघा."

तिनं रबराचं बोट तळहातावर घासून गरम केलं आणि बाळाच्या गालावर अगदी हलकं टेकवलं. पडद्यावर आकडा चढायला लागला. सहा. आठ. सगळ्यांत मऊ टॉवेल साडेआठचा होता. आकडा नऊ झाला, दहा झाला आणि तिथंच लुकलुकत राहिला, कारण बोटरावाला त्याच्या पुढं येत नाही.

मायाक्का पडद्याकडं बघत उभी होती. हाताची पिशवी खाली पडली तरी तिला कळलं नाही.

"परत लाव," ती म्हणाली. "नीट बगितलं न्हाय मी."